साडूचे मेज, आपले मेज

श्री. विघ्ने हरो गजानन आणि अखंड राहो वीज, या दोहोंस नमन करोन लिहिले जाते. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पक्षी, काचेवर ठेविलेला चहाचा पेला उचलिला, तों खाली वाफेचे एक वर्तुळ उमटले. वर्तुळ रुंदीस चार अंगुळे. ते कडेकडोन आत आटत गेले आणि चौदा अंक मोजेपर्यंत नाहीसे जाहले. हे अंक राजे विद्याधरराव यांनी मनात मोजिले, कारण तेसमयी मान वर करावी ऐसे त्यांस वाटेना. मान वर केली असता समोर राणीसाहेब शर्वरीबाई हसताना दिसत होत्या, आणि त्या हसण्यास कारण राजे नव्हते.

ती काच साडूंचे मेजाची. राणीसाहेबांची धाकटी बहीण शलाकाबाई आणि तिचे यजमान हृषीकेशराव अठरा वर्षे परमुलखी राहोन त्याच साली राजांचे शहरी, नदीपलीकडे, नवे घर करोन आले, आणि वास्तुशांतीची पंगत उठल्यावर हृषीकेशरावांनी पाहुण्यांस आपले हातचे मेज दाखविले. मेज गुडघ्यांहून थोडे उंच, वर काच, काचेखाली पडदा आकाशाकडे तोंड करोन निजविलेला, आणि दोन अंगांस समोरासमोर दोन आसने, दर आसनापुढे एक दांडा आणि सहा कळा. पूर्वी मोठ्या शहरांतील हॉटेलांत ऐशी मेजे असत, नाणे टाकोन खेळावयाची. खेळ असा की आकाशातून शत्रूची फौज रांगा धरोन उतरते, ती तळीच्या तोफेने टिपावी. आणि एकाचा डाव सरला म्हणजे सारे चित्र आपोआप फिरोन दुसऱ्याकडे तोंड करी, म्हणजे त्याचा डाव त्यास सुलटा दिसावा. राणीसाहेब कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवीत, बोलणे मोजके, हसणे त्याहून मोजके. त्या साडूंसमोर बसल्या आणि दांडा धरिला, आणि मग शलाकाबाई मागोन ओरडू लागल्या, "ताई, डावीकडे! अगं डावीकडे!" "डावीकडेच जातेय, माझी डावी ही!" "हृषी, तू काहीतरी फसवतोयस." "ताई, प्रोफेसरांनी असं रडायचं नसतं. पुढचा डाव." आणि राणीसाहेब हसल्या, ते प्रथम नाकाने, मग तोंडाने, मग डोळे पुसोन. हे हसणे आपले घरी शेवटचे केव्हा ऐकिले, याचा राजांनी शोध घेतिला, तो लागला नाही. तेथोन पोटात काही जळो लागले, ते श्रीखंडाने होते ऐसे राजांनी स्वतःस सांगितले.

तेच दिवशी दुसरे वर्तमान निघाले. शलाकाबाई पान देता देता बोलिल्या, "भाऊजी, समोरच्या घरातले काका मुलाकडे परदेशी चाललेत. ओळखीचंच कुणी हवंय त्यांना, होळीपर्यंत थांबतो म्हणालेत. तुम्ही दोघं या ना. दार उघडलं की समोर ताई." पानाचा विडा तोंडाशी नेता नेता राणीसाहेबांचा हात थांबला, आणि त्या राजांकडे पाहो लागल्या. राजांनी समोरच्या दारावरील नवे तोरण पाहिले, मग आपले साडू पाहिले, ते उंच, केस अजून काळे, हातावर लाकडाचा भुसा, आणि मुद्रा ऐशी की जणू कधी कोणाचा हेवा करावा लागला नाही. राजे बोलिले, "बघू. विचार करू." परत येताना नदीचे पुलावर राणीसाहेब म्हणाल्या, "छान केलंय ना हृषीनं?" राजे म्हणाले, "प्लायवूड आहे." "हो, पण छान केलंय." "प्लायवूडच आहे."

मग राजांनी मनसुबा केला की ऐसेच मेज आपण करावे, आणि ऐसेच नव्हे, सरस करावे, आणि ते उभे राहिल्यावर राणीसाहेबांस समोर बसवोन हसवावे, आणि हे सिद्ध जाहल्यावरच त्या घराचा जाब द्यावा, तोवर देऊ नये. महाजालावरोन नकाशे उतरविले, कळा आणि दांडे आणि हातात मावेल एवढा लहान संगणक ऐसा संच मागविला, मागची खोली रिकामी करोन तेथे कारखाना बसविला आणि दारास कडी लाविली. राणीसाहेब दारी आल्या. "काय करतोयस?" "कळेल." "मी काही धरू का? माप घेऊ?" "नको. तू सगळं शलाकाला सांगशील, आणि मग तो येईल मला शिकवायला." "मी नाही सांगणार." "शिवाय तुझं शास्त्र इथे लागत नाही, नकाशा आहे." राणीसाहेब "बरं" म्हणोन गेल्या. त्यांचे "बरं" हे तीन प्रकारचे असे, आणि हे तिसरे होते, परंतु राजांस त्या दिवशी फरक ऐको आला नाही.

पौष मासी संक्रांत जाहली. शलाकाबाईंचे घरी हळदीकुंकू होते, तेथे पुरुषांचे काम नाही, परंतु राजे राणीसाहेबांस पोहोचविण्याचे निमित्ताने गेले आणि आतच राहिले. बायका दिवाणखान्यात वाण लुटीत असता राजे मेजापाशी ओणवे जाहले आणि वितींनी मोजो लागले. राजांची वीत एकवीस सेंटिमीटरांची, हे त्यांनी घरोन मोजोन आणिले होते. उंची तीन विती आणि दोन अंगुळे. रुंदी मोजिता मोजिता मागोन आवाज आला, "साडूभाऊ, काही हरवलं का?" राजे म्हणाले, "बुटाची नाडी सुटली." हृषीकेशराव थोडा वेळ पाहोन म्हणाले, "तुम्ही चपला घालून आलात. त्याही बाहेर आहेत." मग हृषीकेशरावांनी राजांचे हाती तिळगूळ ठेविला. दुसरे दिवशी सकाळी साडूंकडोन संदेश आला. त्यात मेजाची सर्व मापे होती, आणि आतील जोडणीची अकरा चित्रे होती, आणि खाली लिहिले होते, "पडदा मात्र विकत घेऊ नका, माझ्याकडे एक जास्तीचा पडून आहे, आडवा ठेवायला चांगला. येऊन लावून देऊ का?" राजांनी हे उभ्याउभ्या वाचिले. शत्रू तोफ डागतो तर ढाल धरिता येते. हा तर गाडी भरोन रसद पाठवीत होता. राजे म्हणाले, "दान करतोय," आणि संदेश पुसोन टाकिला.

लाकूड कापावयास लहू मिस्त्री यांस बोलाविले. लहू मिस्त्री चाळीस वर्षांचे कारागीर, माप सुतात बोलत, एक इंचाची आठ सुते. त्यांनी नकाशा उन्हात धरोन वाचिला आणि म्हणाले, "साहेब, यात रुंदी सव्वीस इंच हाय." "तीस कर." "का?" "त्यांचं सव्वीस आहे." "कुणाचं?" "ते सोड. तीस कर. आणि कळा सहा नाही, आठ." "आठ बोटं लागत्यात का या खेळाला?" "दोन लागतात." मिस्त्रींनी पेन्सिल कानावर ठेविली. "आन् काच?" "त्यांची सहा मिलिमीटरची आहे. आपली बारा." "साहेब, बारा म्हंजे दोन माणसं लागतील उचलायला. आत काय बिघडलं तर?" "काही बिघडणार नाही." "बरं. बसणार कोन कोन यावर?" "मी. आणि समोर बाई." मिस्त्री म्हणाले, "मग बाईंची उंची सांगा, त्यांच्या हाताला पोचाय पायजे." राजांस राणीसाहेबांची उंची आठवेना. हळदीकुंकवाचे दिवशी मेज मोजिले, कळा मोजिल्या, परंतु हे माप कोठे घेतिलेले नव्हते. शेवटी राजांनी आपले खांद्याशी हात लावोन दाखविला, आणि मिस्त्रींनी तसे लाकूड कापिले. पुढे ते दोन सूत चुकीचे निघाले, परंतु ते चालण्याजोगे होते.

आता पडद्याची हकिकत. नवा घ्यावा तर कोणता घ्यावा हे साडूंसच विचारावे लागते, आणि साडूंचा घ्यावा तर मरणच. राजांचे कचेरीतून एक जुना मॉनिटर खारीज जाहला होता, तो राजांनी आणिला. तो मागचे खोलीत भिंतीस टेकोन ठेविला असता कडी लावावयाची राहिली, आणि राणीसाहेब दारातोन जाता जाता थांबल्या, आणि गुडघे वाकवोन तो खालोन पाहिला, मग उभे राहोन वरोन पाहिला, आणि विचारिले, "हा आडवा ठेवणार आहेस?" "मग काय उभा ठेवू? मेज आहे." "समोरून कोण बसणार?" "तू." राणीसाहेबांनी तोंड उघडिले. तेवढ्यात राजे म्हणाले, "नकाशात आहे सगळं, शर्वरी. सांगू नकोस." आणि तोंड मिटले. पडदा निजवोन वीज लाविली आणि राजे आपले आसनी बसले, तों चित्र काळेठिक्कर, फौज दिसेना, जेथे काळे असावे तेथे पांढुरके भूत. राजांनी तारा पाहिल्या, संगणक पाहिला, दोन दिवस अन्न गोड लागले नाही. तिसरे दिवशी त्यांस युक्ती सुचली. पडदा उचलोन पुरता उलटा फिरविला, वरची कड खाली आणि खालची वर, आणि संगणकास सांगोन चित्रही तितकेच फिरविले, आणि आपले आसनी बसोन पाहिले, तों चित्र उजळ, रांगा स्पष्ट, तोफ हिरवीगार. फत्ते जाहली. राजांनी वर बारा मिलिमीटरची काच लहू मिस्त्री आणि वॉचमन यांचे हस्ते बसविली, चारी कोपऱ्यांस स्क्रू मारिले, आणि एकटेच चौदा डाव खेळिले, आणि दर वेळी पाळी पलटोन चित्र समोर वळले म्हणजे समोरची तोफ रिकामी मरू दिली. समोरचे आसनी जावोन बसावे हे त्यांस एकदाही सुचले नाही. खोटे लिहावयाचे नाही म्हणोन लिहितो.

इकडे दर गुरुवारी राणीसाहेब एक वेळ विचारीत, "घराचा विचार झाला का?" आणि राजे म्हणत, "चालू आहे." ऐसे नऊ गुरुवार गेले. शलाकाबाई फोनवरोन विचारीत त्यास राणीसाहेब म्हणत, "त्याचं चालू आहे." बहिणी बहिणी अठरा वर्षे दोन मुलखांत राहिल्या, सणासुदीस दोन दोन दिवस भेटल्या, आणि आता मध्ये एक नदी आणि एक राजा राहिला होता. माघ वद्य पक्षात राणीसाहेबांनी विचारणे सोडिले. गुरुवार आला, गेला. राजांस वाटले संकट टळले. परंतु त्यानंतर जेवताना ताटल्यांचा आवाज मोठा येऊ लागला, कारण दुसरा कोणताच आवाज नसे.

फाल्गुन पौर्णिमा आली. त्या घराचे काकांस तोच दिवस अखेरचा. राजांनी साडूंस आणि शलाकाबाईंस दुपारी पुरणपोळीस बोलाविले, आणि जेवणे जाहल्यावर मागचे खोलीची कडी काढिली आणि मेजावरील चादर ओढिली. शलाकाबाई म्हणाल्या, "अय्या, केवढं मोठं!" राजांस ते गोड लागले. हृषीकेशरावांनी भोवती फिरोन पाहिले, कडेवर बोट फिरविले आणि म्हणाले, "साडूभाऊ, कडा काय सुंदर घासल्यात. माझ्या अशा नाहीत झाल्या." तेही गोड लागावे ते कडू लागले, कारण ते खरे होते आणि त्याने ते सहज म्हटले होते. मसलत ऐशी ठरली होती की प्रथम राणीसाहेबांस बसवावे. परंतु शत्रू समोर पाहोन राजांस आवरेना. "हृषीकेशराव, बसा. होऊन जाऊ दे." राजे आपले आसनी बसले, साडू समोर बसले. राजांचा डाव प्रथम, त्यांनी तीन रांगा पाडिल्या. मग चित्र फिरोन साडूंकडे वळले. साडूंनी पडद्याकडे पाहिले, मान थोडी कलती केली, मग एकदा राणीसाहेबांकडे पाहिले, आणि मग दांडा धरिला. अर्धे पळ न जाता तोफ बुडाली. "हरलो बुवा." दुसरा डाव. साडू आसनावरोन अर्धे उठले आणि काचेवर वाकले, नाक टेकेल इतके, आणि राजांनी ते वंदन समजोन स्वीकारिले. तोफ बुडाली. "मोडली माझी सवय." "आठ कळा आहेत, म्हणून गोंधळ होतो सुरुवातीला," राजे उदार मनाने बोलिले. तिसरा डाव. साडू नुसता दांडा इकडोन तिकडे हालवीत राहिले आणि हसत राहिले आणि हरले. शलाकाबाई म्हणाल्या, "अरे काय हे, घरी तर मला एक डाव जिंकू देत नाहीस!" "आज भाऊजींचा दिवस आहे," साडू म्हणाले, आणि रुमालाने कपाळ पुसिले.

राजे फुलोन गेले. तीन महिन्यांचे पोटातील जळणे एका क्षणी निवाले, आणि त्यांनी राणीसाहेबांकडे पाहिले, की त्या हसतील. राणीसाहेब हसत नव्हत्या. त्या साडूंकडे पाहात होत्या, मग राजांकडे. आणि मग म्हणाल्या, "विद्याधर, ऊठ. तिकडे बस." "का?" "बस तर." "मी जिंकलोय शर्वरी." "हो. तिकडे बसून एक डाव खेळ." साडू लगबगीने म्हणाले, "ताई, राहू दे ना, चहा टाकू या." "हृषी, तू थांब." राजे उठले, मेजाला वळसा घालोन समोर गेले आणि बसले, आणि राणीसाहेब राजांचे आसनी बसल्या आणि एक कळ दाबिली, आणि आपली तोफ मुद्दाम मरू दिली, आणि चित्र राजांकडे वळले. राजांनी खाली पाहिले. काळे. फौज नाही, तोफ नाही, पांढुरकी भुते मात्र, तीच जी दोन दिवस पाहोन अन्न गोड लागले नव्हते. राजांनी डोळे चोळिले. मान कलती केली. मग आसनावरोन अर्धे उठले आणि काचेवर वाकले, नाक टेकेल इतके, तेव्हा कोठे एक रांग दिसली.

"हा पडदा सरळ समोरून बघायचा असतो," राणीसाहेब हळू म्हणाल्या. "निजवला की एका बाजूनं उजळ दिसतो, दुसऱ्या बाजूनं त्यातलं काळं-पांढरं उलटतं. तू फिरवलास ना? अंधार गेला नाही, फक्त बाजू बदलली." "तुला माहीत होतं?" "पहिल्या दिवसापासून." "मग सांगितलं का नाहीस?" "सांगू नकोस म्हणालास. आणि खरं सांगू, मी वाट बघत होते. म्हटलं, एकदा तरी हा माझ्या जागेवर बसून बघेल." राजे साडूंकडे वळले. "तुम्हाला दिसत नव्हतं?" साडू म्हणाले, "थोडं थोडं दिसत होतं." "हृषीकेशराव." "नाही दिसत." "मग तीन डाव का खेळलात?" साडू ओशाळोन म्हणाले, "तुम्ही एवढं मन लावून केलंत. सगळ्यांसमोर काय सांगायचं? नंतर गपचूप पडदा आणून बदलला असता. काच मात्र चौघांनी उचलावी लागेल." शलाकाबाई प्रथम हसल्या, मग तोंडास पदर लाविला.

राजे त्या काळ्या पडद्यासमोर बसोन राहिले. साडू लबाड निघता, गर्विष्ठ निघता, निदान थोडा फुशारकी मारता, तर हेवा करावयास आधार होता. तोही राहिला नाही, आणि हेवा मात्र राहिला, पूर्वीहून अंमळ वाढला. राजांनी पोटात चाचपोन पाहिले, तों तो तेथेच होता, आणि आता तो श्रीखंडाचा म्हणावा तर आज पुरणपोळी होती. समोर राणीसाहेब राजांचे उजळ बाजूस बसल्या होत्या, आणि त्या पडद्याकडे पाहात नव्हत्या, घड्याळाकडे पाहात होत्या. साडेचार वाजले होते. काका पाच वाजता दुसऱ्या कोणास किल्ली देणार होते, आणि हे दोघी बहिणींनी सकाळपासोन राजांस सांगितले नव्हते. शलाकाबाईंचा फोन काचेवर उघडा पडला होता, त्यावरील काकांचा संदेश राजांनी वाचिला.

सारांश येणेप्रमाणे. मोहीम तीन मास चालिली. मेज उभे राहिले, कडा उत्तम, काच जड, पडदा नापास. लढाई तीन डावांची, ती जिंकिली ती न जिंकिल्याप्रमाणे. साडूंचे नुकसान काही नाही, राजांचे पुष्कळ, परंतु ते सोसण्याजोगे. राणीसाहेबांनी नऊ गुरुवार जो जाब मागितला आणि मग मागणे सोडिले, तो राजे अंधारे बाजूचे आसनावरोन उठोन उभे राहोन, सर्वांचे देखत, मोठ्याने बोलिले, ते शब्द जैसेच्या तैसे:

"हेवा मी करणारच, हृषीकेशराव, तो काही सुटत नाही. पण तो करायला रोज नदी ओलांडून कोण येणार? शलाका, काकांना आत्ता फोन कर. समोरचं घर आम्ही घेतो."